२५ लाखांचं अनुदान, ४० हजारांची आगाऊ फी आणि रविवारची शेतीशाळा

पत्र (थोडं कापलंय)

काका नमस्कार. मी जालना जिल्ह्यातली, घनसावंगी तालुक्यातल्या एका गावची. वय २८, बीएस्सी अ‍ॅग्री झालंय, एका खासगी कंपनीत फील्डवर काम करते, पगार १६ हजार. मी आणि माझ्या दोन मैत्रिणी दर रविवारी वडिलांच्या एकरभर रानात पोरांची शेतीशाळा घेतो. आठवी ते बारावीची पंधराएक पोरं येतात आणि शिक्षण सुटलेले सात-आठ जण, विशीतले. मातीचा नमुना कसा काढायचा, बीजप्रक्रिया, मोसंबीचा डोळा भरणं (कलम करणं), खर्चाचा हिशोब, असं शिकवतो, फी घेत नाही. मागच्या वर्षी संस्था रजिस्टर केली. आता तालुक्याच्या गावातला एक जण म्हणतोय की युवकांच्या कृषी शिक्षणासाठी केंद्राचं २५ लाखांचं अनुदान आहे, मी काढून देतो, आधी ४० हजार द्या आणि मंजूर झालं की १० टक्के. संस्थेच्या नावात ‘राष्ट्रीय’ घाला, फाइल लवकर सरकते, असंही म्हणाला. घरचे म्हणतात एक तर अनुदान आण नाहीतर हे बंद कर. मी नोकरी सोडून पूर्ण वेळ यातच पडायचं म्हणतेय. काय करू?

उत्तर

अगं, आधी त्या माणसाचं बघू, कारण बाकी सगळं सावकाश करता येईल पण ४० हजार एकदा गेले की गेले.

देऊ नको. त्याला फक्त तीन गोष्टी विचार, आणि शक्यतो व्हॉट्सअ‍ॅपवर लेखी विचार: योजनेचं नाव काय, ती कुठल्या खात्याची, आणि तिच्या मार्गदर्शक सूचनांची पीडीएफ कुठाय. खरी योजना असेल तर या तिन्हींची उत्तरं दोन मिनिटांत येतात, कारण ती उघड्यावरच पडलेली असतात. “ते वरून होतं ताई, तुम्ही नका टेन्शन घेऊ” असं उत्तर आलं तर समजून जा.

आणि ४० हजारांपेक्षा मला भीती त्या १० टक्क्यांची वाटते. सरकारी अनुदानात प्रत्येक रुपयाला हेड ठरलेलं असतं, प्रशिक्षण साहित्य इतकं, जेवण इतकं, तज्ज्ञांचं मानधन इतकं. त्यात ‘कमिशन’ नावाचं हेड कुठंच नसतं. मग अडीच लाख काढणार कुठून? न आलेल्या पोरांच्या सह्या हजेरीवर घालून, न शिजलेल्या जेवणाची बिलं लावून. हे सगळं झाल्यावर उपयोगिता प्रमाणपत्रावर, ज्याला सगळे यूसी म्हणतात, सही कोणाची? संस्थेच्या अध्यक्षाची आणि सचिवाची, म्हणजे तुझी आणि तुझ्या मैत्रिणीची. तो तेव्हा दुसऱ्या तालुक्यात दुसऱ्या कुणाची फाइल सरकवत असेल.

आता मूळ प्रश्न. युवकांच्या कृषी शिक्षणाला सरकारी पैसा आहे का? आहे की, बऱ्यापैकी आहे. पण तुझ्या संस्थेएवढ्या नव्या संस्थेनं एक अर्ज टाकायचा आणि खात्यात रक्कम जमा व्हायची, असा तो नाहीये. तू घनसावंगीची आहेस, जायकवाडीचा डावा कालवा तुझ्या तालुक्यातनं जातो, तुला हे चटकन कळेल. धरण भरलंय म्हणून कुणी पैठणला जाऊन मोटर टाकत नाही. पाणी कालव्यातनं वितरिकेत, वितरिकेतनं चारीत येतं, आणि आपल्याला आपल्या चारीवर आपल्या पाळीची वाट बघावी लागते. शेती शिक्षणाच्या पैशाचं असंच आहे. तो ठरलेल्या संस्थांमधनंच वाहतो. तुझं काम म्हणजे आपली चारी कुठली ते ओळखणं आणि पाळीच्या यादीत नाव घालणं.

आता तुझ्या पत्रातली एक गोष्ट जी तुझ्या लक्षात आलेली दिसत नाही. तुझ्याकडे दोन वेगळे गट आहेत आणि सरकारच्या लेखी ते दोन वेगळ्या खात्यांचे आहेत. आठवी ते बारावीची पोरं शिक्षण खात्याची. अठरा पूर्ण झालेले, शाळा सुटलेले, ते कृषी, ग्रामविकास आणि कौशल्य विकासवाल्यांचे. तू दोघांना एकाच झाडाखाली बसवतेस हे शिकवायला छान आहे, मोठ्यांचं बघून धाकटे शिकतात, पण एकाच प्रस्तावात दोघांना कोंबलंस तर कृषीवाले म्हणणार ही शाळकरी मुलं आमच्याकडे कशाला आणि शिक्षणवाले म्हणणार हा बावीस वर्षांचा माणूस कोण. तेव्हा कागदावर दोन गट कर, रानात एकत्र राहू देत.

शाळकरी गटाचं पटकन सांगतो, कारण तिथं तुला पैसा फारसा मिळणार नाही, पण दार उघडेल. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावीपासून व्यवसाय शिक्षणाची ओळख आणि सहावी ते आठवीच्या मुलांना दप्तराविना दहा दिवस सुतार, माळी, कुंभार अशा स्थानिक कसबी माणसांकडे शिकायला पाठवायचं असं स्पष्ट लिहिलंय. हे दहा दिवस कुठं आणि कसे घालवायचे हा मुख्याध्यापकांना पडलेला प्रश्न असतो आणि तुझ्याकडे तयार रान, तयार पाठ आणि शिकवणाऱ्या तिघी आहेत! शाळेतली परसबाग आहे, ती शालेय पोषण आहाराशी जोडलेली असते, तीही बऱ्याच ठिकाणी पावसाळ्यात गवतानं भरून जाते कारण कुणाला वेळ नसतो. तू शाळेच्या मुख्याध्यापकांना आणि व्यवस्थापन समितीला लेखी दे की आम्ही हे करून देतो, खर्च शाळेच्या निधीतनं जेवढा होईल तेवढा, मुलांची जबाबदारी आणि पालकांची संमती शाळेमार्फत. संमतीचं विसरू नको हं, रानात विळे-कोयते असतात, साप असतात, औषधाचे डबे असतात, आणि अठरा वर्षांखालच्या पोरांना फवारणीच्या आसपासही नेऊ नको, शिकवायला म्हणूनही नाही.

जमलं तर एकदा पुण्याजवळ पाबळला जाऊन ये. डॉ. श्रीनाथ कलबागांनी तिथं १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. तिथनं निघालेला मूलभूत तंत्रज्ञानाचा कोर्स आठवी ते दहावीच्या पोरांना शाळेच्या वेळापत्रकातच आठवड्यातला एक दिवस हातानं काम करायला लावतो, शेती-पशुपालन, ऊर्जा-पर्यावरण, वर्कशॉप, गृह-आरोग्य असे विभाग आहेत. शिकवणारी बरीचशी माणसं गावातलीच कसबी माणसं असतात. तू जे रविवारी करतेस ते शाळेच्या तासात कसं बसवायचं याचा त्यांनी फार बारकाईनं विचार केलाय. तिथनं वही भरून घेऊन ये.

आता मोठा गट, इथं पैसा आहे.

पहिलं दार कृषी विज्ञान केंद्र, म्हणजे केव्हीके. देशातलं पहिलं केव्हीके १९७४ ला पुद्दुचेरीला झालं आणि आता ७०० च्या वर आहेत, तुझ्या जिल्ह्यात तर दोन, खरपुडीचं आणि बदनापूरचं. खरपुडीचं मराठवाडा शेती साहाय्य मंडळ ही संस्था चालवते, बदनापूरचं परभणीच्या कृषी विद्यापीठाचं. संस्थेचं असो की विद्यापीठाचं, केव्हीकेचा पैसा दिल्लीच्या भारतीय कृषी अनुसंधान परिषदेकडनं येतो आणि ग्रामीण युवकांना व्यवसाय प्रशिक्षण देणं हे त्यांच्या नेमून दिलेल्या कामातच आहे. म्हणजे तू त्यांच्याकडे काही मागायला जात नाहीयेस, त्यांच्या वर्षाच्या उद्दिष्टाला पोरं घेऊन चाललीयेस. हा फरक डोक्यात ठेवून जा, बोलायचा सूरच बदलतो. त्यांना गावात जागा, ठरलेल्या दिवशी खरोखर येणारे तरुण आणि नंतर कोणी काय सुरू केलं याचा पाठपुरावा करणारं माणूस हवं असतं, आणि या तीनही गोष्टी तुझ्याकडे आहेत. ‘आर्या’ नावाचा प्रकल्प २०१५-१६ ला आला, तरुणांना शेतीकडे ओढायचा आणि शेतीत टिकवायचा, ३५ च्या आतले, निवडलेल्या जिल्ह्यात दोनशे-तीनशे युवक धरून त्यांना अळिंबी, मधमाशी, रोपवाटिका असे युनिट उभे करून द्यायचे. तोही केव्हीकेमार्फतच. संस्थेला थेट नाही. असं काही तुमच्याकडे चालू आहे का, पुढं येणार आहे का, हे केव्हीकेच्या प्रमुखांना विचार. आणि केव्हीकेची शास्त्रीय सल्लागार समितीची बैठक असते, पुढच्या वर्षीचा आराखडा तिथं मांडतात, त्याच्या आधी तुझं पत्र त्यांच्या टेबलावर असायला हवं.

दुसरं दार आत्मा, म्हणजे कृषी तंत्रज्ञान व्यवस्थापन यंत्रणा. आत्माचं ऑफिस जिल्ह्याला, तालुक्याला कृषी अधिकाऱ्यांच्या ऑफिसात तालुका तंत्रज्ञान व्यवस्थापक बसतात, बीटीएम म्हणतात त्यांना, तुझी ओळख असेलच. ग्रामीण युवकांच्या कौशल्य प्रशिक्षणाची योजना आहे, स्ट्राय म्हणतात तिला, किमान सात दिवसांचं प्रशिक्षण, वय १८ पूर्ण, बॅच लहान. देशपातळीवर हैदराबादची मॅनेज ही कृषी विस्ताराची राष्ट्रीय संस्था आणि आपल्याकडे नागपूरची वनामती ही राज्याची प्रशिक्षण संस्था हे बघतात, आणि प्रत्यक्ष प्रशिक्षण केव्हीके वगैरे संस्थांमध्ये होतं. तुझे सात-आठ आणि शेजारच्या दोन गावांतले सात-आठ, झाली बॅच.

पण आत्माबद्दल खरी सांगायची गोष्ट वेगळीच आहे जी तुझ्या त्या एजंटला माहीत असती तरी त्यानं तुला सांगितली नसती, कारण तिच्यात त्याचं काही सुटत नाही. आत्माच्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये लिहिलंय की जिल्हा पातळीवरच्या आवर्ती, म्हणजे दरवर्षी चालणाऱ्या कामांवरच्या खर्चातला किमान १० टक्के भाग बिगरसरकारी घटकांमार्फत व्हावा, म्हणजे स्वयंसेवी संस्था, शेतकरी गट, सहकारी संस्था, कृषी उद्योजक असे. तू या यादीत बसतेस. आता असं नको समजू की गेलं आणि मिळालं. बऱ्याचदा हा वाटा शेतकरी गटांच्या सहली आणि प्रात्यक्षिकांमध्येच संपतो, कारण दुसरं कुणी नीट लिहून मागतच नाही. तू मागावंस. एक पानी पत्र, प्रकल्प संचालक, आत्मा यांच्या नावे, प्रत तालुका कृषी अधिकाऱ्यांना: आम्ही कोण, किती तरुण, काय शिकवणार, किती दिवस, जागा कोणती, आणि या तरतुदीखाली आमचा विचार व्हावा. आकडा २५ लाख नको घालूस, एखाद-दोन प्रशिक्षणांचा खर्च घाल. वेळ महत्त्वाची. जिल्ह्याचा आराखडा आर्थिक वर्ष सुरू व्हायच्या आधी बनतो, म्हणून दिवाळी झाली की लगेच हालचाल कर, मार्चमध्ये गेलीस तर सगळे शिल्लक निधी खर्ची टाकायच्या गडबडीत असतात आणि तुझ्याशी बोलायला कुणाला सवड नसते. तालुक्याची शेतकरी सल्लागार समिती असते, तिच्यात तुझ्या गावचं कुणी आहे का बघ. आत्माच्या नियामक मंडळाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात हेही माहीत असू दे, पण उठसूट तिकडे जाऊ नको, खालच्या माणसाला डावललं की तो कायमचा लक्षात ठेवतो.

तिसरं आरसेटी, बँकेची ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था, जिल्ह्याला एक असते. प्रशिक्षण, राहणं, जेवण फुकट, पुढं बँकेच्या कर्जाला मदत. शेळीपालन, दुग्धव्यवसाय, गांडूळखत असे कोर्स असतात. इथं तुझ्या संस्थेला काही मिळत नाही पण तुझ्या पोरांना मिळतं, आणि माझ्या मते ज्याच्या घरी शेळ्या आहेतच अशा पोराला तुझ्या रविवारपेक्षा तिथले दहा दिवस जास्त कामाला येतील, राग मानू नको.

चौथं नाबार्ड, शेती आणि ग्रामीण विकासाची राष्ट्रीय बँक. आत्माचा तो वाटा सोडला तर सगळ्यांत हेच एक असं दार आहे जिथं स्वयंसेवी संस्थेला थेट अनुदान मिळू शकतं. जिल्ह्यासाठी त्यांचा जिल्हा विकास व्यवस्थापक असतो, डीडीएम, आणि मंजुरी पुण्याच्या प्रादेशिक कार्यालयातनं येते. शेती क्षेत्र प्रोत्साहन निधीतनं नवं तंत्रज्ञान शेतकऱ्यांपर्यंत नेणारे प्रकल्प, अभ्यास सहली, प्रशिक्षण यांना मदत होते. पण ते तुझी पार्श्वभूमी बघणार, हिशोब बघणार, आणि बहुतेक देणारे तीन वर्षांचे ऑडिट मागतात, तुझ्याकडे जेमतेम एक असेल. तेव्हा आत्ता फक्त जाऊन भेट, बोलावून रविवारची शाळा दाखव, पैशाचा विषय काढू नको. दोन वर्षांनी जाशील तेव्हा ते तुला ओळखत असतील.

जालना आहे म्हणून सीएसआरचंही बोलतो, म्हणजे कंपन्यांनी समाजासाठी खर्च करायचा पैसा. सरकारी नाही तो पैसा पण कायद्यानंच आलाय, कंपनी कायदा २०१३. तुमच्याकडे स्टील आहे, बियाण्याच्या कंपन्या आहेत. संस्थेला आधी सीएसआर-१ फॉर्म भरून नोंदणी करावी लागते, २०२१ पासून ती सक्तीची आहे. बियाणं किंवा औषधवाल्यांकडून घेताना मात्र एक पाय मागं ठेव. बॅग, टोपी, बॅनर इथवर ठीक, पण ‘आमच्याच वाणाचा प्लॉट लावा आणि पोरांना तोच दाखवा’ अशी अट आली की नाही म्हण. तुझ्या पोरांनी बदनापूरची बीडीएन ७११ तूर आणि दुकानातलं पाकीट शेजारी शेजारी लावून स्वतः मोजून बघायला हवं, तेच तर तू शिकवतेयस ना.

हो, आणि बदनापूरवरून आठवलं. तिथं कृषी महाविद्यालय आहे, शेवटच्या वर्षाची मुलं रावेसाठी, म्हणजे गावात राहून करायच्या कामाच्या अनुभवासाठी, गावोगाव येऊन राहतात, पेपरात ‘कृषीदूतांनी दिले प्रात्यक्षिक’ म्हणून फोटो येतात त्यांचेच. तू स्वतः रावे केलंयस, तुला माहितीये त्यातली किती प्रात्यक्षिकं फोटोपुरती असतात. त्यांना तुझ्या रविवारी उभं कर. कॉलेजला पत्र दे की आमचं गाव यंदा रावेला घ्या. फुकट शिक्षक मिळतात, आणि त्या मुलांनाही विचारणारी पोरं समोर बसलेली मिळतात, जी प्रात्यक्षिकात सहसा नसतात.

आता मिळालेल्या पैशाचा स्वभाव कसा असतो ते ऐक, कारण घरच्यांनी ‘अनुदान आण’ म्हटलंय म्हणजे त्यांच्या डोळ्यासमोर एकरकमी पैसा आहे. तो टप्प्यानं येतो. बऱ्याचदा आधी खर्च करा, बिलं लावा, मग मिळेल. माझ्या माहितीतल्या एका संस्थेला एका खात्याकडनं निवासी प्रशिक्षणं मंजूर झाली, पहिला हप्ता आला, तरुण आले, जेवण झालं, दुसरा हप्ता पुढच्या आर्थिक वर्षात गेला आणि मेसवाल्याचे पैसे सचिवानं पतसंस्थेतनं स्वतःच्या नावावर कर्ज काढून दिले. पैसे आले शेवटी, पण व्याज कोण देणार? त्याला हेड नव्हतं. शिवाय केंद्राच्या अनुदानाला २०१७ चे सामान्य वित्तीय नियम लागू होतात, त्यात यूसीचा नमुना ठरलेला आहे, ‘जीएफआर १२-ए’ म्हणतात त्याला, अनुदान बँकेत पडून राहिलं तर त्यावरचं व्याजही सरकारला परत जातं, त्या पैशातनं घेतलेली वस्तू परवानगीशिवाय विकता येत नाही, आणि हिशोब कॅगला, म्हणजे देशाच्या महालेखापरीक्षकांना, कधीही बघता येतो. यात वाईट काही नाही, सरकारी पैसा आहे, असंच असायला पाहिजे. पण १६ हजार पगाराच्या माणसानं स्वतःचं घर या भरवशावर ठेवू नये.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, या कुठल्याही योजनेत तुझा महिन्याचा पगार नाही! व्याख्यानाचं मानधन असतं, तेही ठरलेल्या दरानं. म्हणून नोकरी सोडू का याचं माझं उत्तर: अनुदानाच्या आशेवर अजिबात नाही. सोडायचीच असेल तर दुसऱ्या कारणानं सोड, आणि ते कारण तुझ्या स्वतःच्या डिग्रीत आहे.

तू इतरांसाठी योजना शोधतेयस आणि स्वतः एका योजनेची थेट लाभार्थी आहेस, हे पत्र वाचताना सारखं वाटत होतं. अ‍ॅग्री क्लिनिक-अ‍ॅग्री बिझनेस सेंटर योजना, २००२ पासून चालू आहे, शेतीचं शिक्षण झालेल्यांसाठीच. मॅनेजनं ठरवून दिलेल्या संस्थेत ४५ दिवसांचं निवासी प्रशिक्षण, फी नाही. त्यानंतर प्रकल्प अहवाल करून बँकेचं कर्ज आणि त्यावर नाबार्डमार्फत अनुदान, एकट्या माणसाला २० लाखांपर्यंतच्या प्रकल्पाला. सर्वसाधारण ३६ टक्के आणि महिलांना ४४ टक्के. म्हणजे पाच लाखांचा प्रकल्प असेल तर दोन लाख वीस हजार. हे अनुदान हातात येत नाही, कर्जखात्याच्या बाजूला ठेवलेलं असतं आणि शेवटी कर्जात वळतं होतं, त्यामुळे अर्धं कर्ज माफच आहे असं समजून पैसे उधळले तर फसायला होतं. आणि बँक मॅनेजर लगेच हो म्हणत नाही हेही खरं, दोन-तीन शाखा फिराव्या लागतील, कागद नीट असेल तर वाद घालता येतो.

तुझ्याकडे काय चालेल? मोसंबीचा पट्टा आहे, डोळा भरणं तुला येतं, चांगली रोपवाटिका हा विषय माझ्या डोक्यात पहिला आला, रंगपूर लिंबाच्या खुंटावर न्युसेलर वाणाची मोसंबी, मातृवृक्ष खात्रीचे. जुन्या बागा डिंक्या रोगानं आणि उन्हाळ्यानं गेल्यात, लोक पुन्हा लावतायत, आणि खात्रीचं रोप कुठं मिळतं हा प्रश्न सगळ्यांनाच आहे. त्याला कृषी खात्याचा परवाना लागतो, तो आधी काढ. नाहीतर माती-पाणी तपासणी आणि सल्ला. दोन्हींपैकी काहीही केलंस तरी तुझ्या शेतीशाळेला कायमची प्रयोगशाळा मिळते, आणि विशीतल्या त्या सात-आठ जणांपैकी दोघांना हंगामात रोजगार. त्यातला एखादा पुढं काही वेगळी कल्पना घेऊन आला तर राष्ट्रीय कृषी विकास योजनेखालची स्टार्टअपची मदत आहे, कल्पनेच्या टप्प्याला ५ लाखांपर्यंत आणि पुढं २५ लाखांपर्यंत, निवड आणि प्रशिक्षण इनक्युबेटरमध्ये, म्हणजे नवे उद्योग उभे करायला मदत करणाऱ्या केंद्रात होतं. तुझ्या एजंटनं हा २५ चा आकडा बहुतेक तिथनंच उचललाय. तो कंपनी काढणाऱ्यांसाठी आहे, प्रशिक्षण घेणाऱ्या संस्थेसाठी नाही.

तर क्रम असा धर. नोकरी चालू ठेवून प्रशिक्षणाची चौकशी, ४५ दिवस बिनपगारी रजा मिळते का बघायचं, मिळत नसेल तर कर्जाचं बँकेशी पक्कं बोलणं झाल्यावरच राजीनामा. घरच्यांना सांग की अनुदान आणतेय, पण शाळेचं नाही, माझ्या धंद्याचं. ही भाषा घरात चटकन समजते.

संस्थेच्या कागदांचं, हे कंटाळवाणं आहे पण पुढची तीन वर्षं हेच तुझं खरं भांडवल. आधी संस्थेची घटना काढून उद्दिष्टं वाच, त्यात ‘कृषी शिक्षण व प्रशिक्षण’ असं सरळ लिहिलंय का. सायबर कॅफेवाल्याकडनं छापील नमुना उचललेला असेल तर त्यात अनाथाश्रमापासून क्रीडा स्पर्धांपर्यंत सगळं असतं आणि शेती नसते. पॅन, एनजीओ दर्पण या सरकारी पोर्टलचा नंबर, आयकर सवलतीच्या १२-ए आणि ८०-जी नोंदण्या (नवीन संस्थेला आधी तीन वर्षांची तात्पुरती नोंदणी मिळते), संस्थेच्या नावाचं वेगळं खातं. दरवर्षी ऑडिट, उलाढाल आठ हजारांची असली तरी, आणि ते धर्मादाय कार्यालयात दाखल. कार्यकारिणीत कुणी लग्न होऊन गावाबाहेर गेलं, राजीनामा दिला, तर ९० दिवसांत बदल अर्ज. मी पाहिलेल्या निम्म्याअधिक संस्था अनुदानाच्या वेळी याच एका अर्जापायी अडकल्यात, कारण कागदावर सचिव एक आणि सही करणारी दुसरीच.

आणि रविवारची हजेरी आजपासून वहीत. नाव, वय, गाव, शिक्षण, सही, त्या दिवशी काय शिकवलं ते एका ओळीत. फोटो वर्गाचा कमी काढ, पोरानं घरी जाऊन काय केलं त्याचा जास्त काढ, कुणी बीजप्रक्रिया केली, कुणाच्या बापानं माती तपासून खताची एक गोणी कमी टाकली. आत्माच्या पत्राला हेच जोडायचं. पत्र हातानं नेऊन दे आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून पोच घे.

राहिलं ते ‘राष्ट्रीय’. नाव बदललंस तर दर्पण, पॅन, बँक, धर्मादाय सगळीकडे नव्यानं फिरावं लागेल. आहे ते गावाचं नाव राहू दे, बीटीएमला निदान कळेल तरी की यायचं कुठल्या रस्त्यानं.